जहाजाच्या पोटातील भट्टी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही साधे प्राथमिक शिक्षक. मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि अडतीस वर्षे खडूफळ्याची सेवा करून निवृत्त झालो. विद्वत्तेचा अधिकार आमचा नाही. परंतु ज्यांचा आज सत्कार होत आहे, ते गृहस्थ १९७८ साली सातव्या इयत्तेत आमच्या समोर बसत होते, एवढ्या नात्याने हे काम आमच्याकडे आले असावे. भारतीय नौदलाच्या यंत्रशाखेत तीस वर्षे सेवा करून ते आता गावी स्थायिक झाले आहेत. आपले नाव स्मरणिकेत छापू नये, अशी त्यांची अट आहे. सभेस ते ठाऊकच आहे. वाचकांनी त्यांना 'आमचे विद्यार्थी' एवढ्याच नावाने ओळखावे.

सत्काराच्या भाषणात गुणगौरव करावयाचा असतो. तो आम्ही करूच. पण त्यासोबत आम्हांस एका चुकीचा कबुलीजबाबही द्यावयाचा आहे. ती चूक आमची आहे. परंतु आमची एकट्याची नाही, म्हणून ती घरात न सांगता सभेत सांगत आहोत.

आरमार म्हटले की आपल्यापुढे काय उभे राहते? कान्होजी आंग्रे, सिंधुदुर्ग, तोफा, फडकणारे निशाण. आजच्या युद्धनौकेचे चित्र पाहिले तरी आपली दृष्टी तिच्या तोफांवर आणि शुभ्र गणवेशातील अधिकाऱ्यांवर जाते. पण शिडाचे दिवस संपल्यावर जहाज चालू लागले ते पोटातल्या अग्नीवर. त्या अग्नीपाशी उभा राहणारा मनुष्य वरून कधीच दिसत नाही. जुन्या आगबोटींवर त्याला 'आगवाला' म्हणत. त्यांच्यावर टंडेल असे; डेकवरच्या खलाशांवर सारंग असे. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या कित्येक बोटींची भट्टी आपल्याच देशातील माणसांनी पेटती ठेवली. पुढे कोळसा गेला, तेल आले. तरी जहाजावरची मंडळी जुन्या सवयीने यंत्रशाखेच्या नाविकाला 'स्टोकर', म्हणजे भट्टीत कोळसा घालणाराच, म्हणत राहिली.

या शाखेचे मोठे विद्यापीठ आपल्याच महाराष्ट्रात आहे. लोणावळ्याच्या डोंगरात, समुद्रापासून दूर, १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ते सुरू झाले आणि त्यास शिवाजी हे नाव देण्यात आले. आज ते आय. एन. एस. शिवाजी म्हणून प्रसिद्ध आहे. इंजिन, बाष्पक, पंप आणि जनित्र चालविणारे व दुरुस्त करणारे नाविक व अधिकारी येथे तयार होतात. २०२० च्या फेब्रुवारीत राष्ट्रपतींनी या संस्थेला ध्वजसन्मान दिला. आमच्या विद्यार्थ्यांचे खरे शिक्षण तेथे झाले. आमच्या शाळेत झाले ते फक्त पाढ्यांपुरते.

किंबहुना त्याहीपूर्वीचे शिक्षण त्यांना वडिलांच्या भात्यापाशी मिळाले होते. त्यांचे वडील, ज्यांना सारा गाव अण्णा म्हणे, पिढीजात धंदा सांभाळून होते. शाळा सुटली की मुलगा भाता ओढी. तापल्या लोखंडाचा रंग पाहून ते किती तापले हे ओळखण्यास अण्णांनी त्याला शिकविले. काळपट लाल असताना घण घालू नये, पिवळसर झाल्यावर वेळ दवडू नये, आणि कोयत्याला पाणी देताना क्षणाचाही उशीर करू नये. हे पाठ कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हते, म्हणून आम्हांस ते पाठ वाटले नाहीत. गृहपाठ अपुरा राही तेव्हा आम्ही त्याच्या काजळलेल्या हातांवर छडी मारली आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

१९८१ साली मुलगा मॅट्रिक झाला. दोन वर्षे वडिलांच्या हाताखाली राहिला आणि १९८३ साली नौदलाच्या भरतीत निवडला गेला. आदेश आला त्या दिवशी अण्णा तो कागद घेऊन आमच्याकडे आले. आम्ही त्या वेळी पंचवीस वर्षांचे होतो आणि स्वतःला फार शहाणे समजत होतो. आम्ही म्हणालो, "अण्णा, पोराला मॅट्रिकपर्यंत शिकविले ते कशाला? घरची भट्टी सोडून सरकारच्या भट्टीत घालण्याला? कोठे कारकुनी पाहा; हात तरी स्वच्छ राहतील." अण्णा काही बोलले नाहीत. कागदाची घडी करून ते निघून गेले. मुलगा मात्र थांबला नाही. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. रात्रीच्या एस. टी. ने तो मुंबईला गेला आणि तेथून आगगाडीने ओरिसात, चिल्का सरोवराच्या काठी असलेल्या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात. प्राथमिक शिक्षण तेथे, मग यंत्राचे शिक्षण लोणावळ्यास, आणि मग जहाज.

त्या जहाजावर त्यांनी नेमके काय केले, हे आम्ही चाळीस वर्षे विचारले नाही. गणपतीत येत, पाया पडत, आम्ही "ठीक ना?" म्हणत असू, एवढेच. २०२३ च्या गणपतीत त्यांच्या पडवीवर तीन संध्याकाळ बसून आम्ही प्रथम ऐकले. त्यातले आमच्या अल्पमतीस समजले तेवढे सांगतो.

वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेत बाष्पक, म्हणजे आपण ज्याला बॉयलर म्हणतो, तो सर्वांचे मूळ. त्यात तेलाच्या ज्वाळांनी पाण्याची वाफ होते; ती आणखी तापवून टर्बाइनच्या पात्यांवर सोडली की टर्बाइन फिरते, आणि दंतचक्रांच्या योगे पंखा फिरून जहाज पुढे जाते. या वाफेचा दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या तीस पटींहून अधिक, आणि उष्णता चारशे अंशांहून अधिक. घरच्या चहाच्या भांड्यावर दिसतो तो ढग. ही वाफ डोळ्यांस दिसतच नाही. नळीला बारीक भोक पडले तर नुसता शिट्टीसारखा आवाज येतो, आणि त्या अदृश्य धारेत हात गेला तर हात गेलाच. म्हणून जुने स्टोकर गळती शोधताना हात पुढे करीत नसत; झाडूची काठी पुढे धरीत.

बाष्पकाला पाणी लागते ते अत्यंत शुद्ध. भोवती अथांग समुद्र, पण त्यातील मीठ नळ्यांचा घात करते. म्हणून समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ निववून गोडे पाणी करावे लागते. ते प्रथम बाष्पकाला, मग माणसांना. टंचाई आली तर माणसाची आंघोळ बंद होते, बाष्पकाचे पाणी बंद होत नाही. आमचे विद्यार्थी हसून म्हणाले, "गुरुजी, आमच्या घरात पहिले पान बाष्पकाचे."

बाष्पकातील पाण्याची पातळी एका काचनळीत दिसते. पाणी फार चढले तर ते वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जाऊन पाती मोडते. फार उतरले तर उघड्या पडलेल्या नळ्या जळून जातात. धुराड्यातून काळा धूर निघाला तर हवा कमी, पांढरा निघाला तर हवा जास्त; आणि युद्धात धूर म्हणजे शत्रूला धाडलेले आमंत्रण. हे सारे सांभाळीत चार-चार तासांची पाळी, पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या उष्णतेत, खिडकी नसलेल्या लोखंडी खोलीत, डुलत्या फरशीवर. बाहेर दिवस आहे की रात्र, हे घड्याळाने कळावयाचे.

याच काचनळीची एक गोष्ट. जहाजाचे नाव सांगण्याचे कारण नाही. नोकरीस तीन वर्षे झाली होती. मध्यरात्रीच्या पाळीत बाष्पकासमोर उभे असता त्यांना ज्वाळांच्या आवाजात फरक वाटला. काचनळीकडे पाहिले तो पाणी झरझर उतरत होते. पाहता पाहता ते नळीत दिसेनासे झाले. पाणी पुरविणारा पंप निकामी झाला होता. अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो पाणी सोडण्याचा. आणि तोच घातक, कारण तापून लाल झालेल्या नळ्यांवर पाणी पडणे म्हणजे संकटाला हात धरून बोलावणे. त्यांनी वरच्याची आज्ञा न विचारता प्रथम तेल बंद केले, आग विझविली आणि मग ओरडून सांगितले. दुसऱ्या बाष्पकावर जहाज चालत राहिले, पण वेग एकदम पडला. वरून रागाने विचारणा झाली, की हा उद्योग कोणाच्या परवानगीने केला? सकाळी बाष्पक उघडून पाहिला तेव्हा नळ्या शाबूत होत्या. त्यावर कोणी अधिक बोलले नाही. त्यांना पदक मिळाले नाही, कारण काही घडलेच नव्हते. यंत्रशाखेचे यश हेच असते, की काही घडत नाही.

आम्ही विचारले, "आज्ञेची वाट पाहावी असे वाटले नाही?" ते म्हणाले, "गुरुजी, अण्णा ऐरणीवर कधी कोणाला विचारीत का? लोखंड थांबत नाही." ज्या हातांवर आम्ही छडी मारली होती, त्या हातांतील विद्या त्या रात्री दीडदोनशे माणसांच्या उपयोगी पडली.

हा एकट्या व्यक्तीचा पराक्रम म्हणून आम्ही सांगत नाही. त्या शाखेची परंपराच अशी आहे. विक्रांत या विमानवाहू नौकेचे नाव आपणांपैकी प्रत्येकाने ऐकले आहे. १९७१ च्या युद्धात तिच्या विमानांनी ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार आणि चितगाव येथील ठाण्यांवर हल्ले केले, हे आम्ही मुलांना दरवर्षी शिकवीत असू. परंतु युद्धाच्या आदल्या वर्षी, जून १९७० मध्ये, त्याच विक्रांतच्या बाष्पकांच्या पाण्याच्या पिंपांना तडे आढळले होते. ते डाग देऊन बुजण्यासारखे नव्हते. नवी पिंपे विलायतेतून यावयाची होती. बाष्पक पेटवू नयेत, असा हुकूम झाला. नौका महिनोन् महिने मुंबईस पडून होती. शेवटी नवी पिंपे न बसविताच, १ मार्च १९७१ रोजी कमी दाबावर बाष्पक पुन्हा पेटविण्यात आले. दाब दर चौरस इंचास ४०० पौंडांच्या वर नेऊ नये, असे बंधन घालण्यात आले. ताशी सुमारे २४ सागरी मैल धावणारी नौका १४ मैलांवर आली. त्या तडकलेल्या पिंपांसमोर कित्येक माणसे पाळीपाळीने काट्यावर डोळा ठेवून उभी राहिली, म्हणून वर विमाने उडाली. वैमानिकांचा गौरव झाला, तो योग्यच झाला. काट्यावर डोळा ठेवणाऱ्यांची नावे आपल्यापैकी कोणास ठाऊक आहेत?

त्याच युद्धात ९ डिसेंबर रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आमची खुकरी ही नौका बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविकांना जलसमाधी मिळाली. जहाज बुडू लागले असता सर्वांत लांबची वाट असते ती तळातल्या माणसाची: शिडी, झडप, पुन्हा शिडी. हे ठाऊक असूनही ज्याने रोज पाळीच्या वेळी त्या शिडीवरून खाली उतरावे, त्याच्या धैर्याला आपण कोणते नाव देणार?

आम्ही दिलेले नाव आता सांगतो. १९९१ साली आमच्या विद्यार्थ्यांच्या लग्नाची बोलणी चालू होती. शेजारच्या तालुक्यातील आपल्याच ज्ञातीतील एका प्रतिष्ठित गृहस्थांनी आम्हांस पत्र लिहून विचारले, "मुलगा आपला विद्यार्थी आहे असे कळते, तो काय करतो?" आम्ही परत टपालाने उत्तर लिहिले. त्यातील शब्द आम्हांस आजही आठवतात: "मुलगा सुस्वभावी आहे. आरमारात खलाशी आहे. भट्टीवर काम करतो." पत्रात खोटे काही नव्हते, असे आम्ही अनेक वर्षे स्वतःस समजावीत आलो. परंतु शिक्षकाला शब्दाचे वजन कळले पाहिजे. आम्ही 'यंत्रशाखेत आहे' असे लिहू शकलो असतो. 'भट्टीवर' हा शब्द आम्ही निवडला, कारण आम्हांस स्वतःला त्या शब्दाची लाज वाटत होती. स्थळ मोडले. अण्णांच्या जिवाला ते लागले, आणि त्याचे कारण त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

हे आम्ही गेल्या गणपतीत त्यांच्या घरी प्रथम सांगितले. घरात शांतता पसरली. मग त्यांच्या सौभाग्यवती, ज्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, हसून म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या त्या पत्रामुळेच मी या घरात आले. मी तुमचे आभारच मानते." हा त्यांचा मोठेपणा. वर्षातले कित्येक महिने पती समुद्रावर असताना मुलांची आजारपणे, सासऱ्यांचे अखेरचे दिवस, सारे त्यांनी एकटीने निभावले. आमची चूक त्यांच्या विनोदाने पुसली जाते, असे मात्र आम्ही मानीत नाही.

बंधूंनो, या लाजेचा उगम कोठे आहे? आपला समाज भात्यावर आणि ऐरणीवर जगला. नांगराचा फाळ, बैलगाडीची धाव, विहिरीचा रहाट, देवळाची घंटा टांगणारी कडी, यांतले काय आपल्या हातचे नव्हते? तरी दोन पिढ्या शिकल्यावर आपण प्रथम काय केले असेल, तर हात लपविले. मुलगा खुर्चीवर बसला की आपण पेढे वाटतो, यंत्रापाशी उभा राहिला की म्हणतो, "करतो कुठेतरी." आमच्यासारख्या शिक्षकांनी ही समजूत दूर करावयाची, ती आम्ही वर्गावर्गांतून दृढ केली. हाच तो कबुलीजबाब.

२०१३ साली आमचे विद्यार्थी मास्टर चीफ पेटी ऑफिसर या हुद्द्यावरून निवृत्त झाले. नाविकाला चढता येणारी ही वरची पायरी होय. परंतु कोकणाबाहेरील एका कारखान्यात बाष्पकावर नोकरी मागण्यास गेले तेव्हा तेथे विचारणा झाली, "दाखला कोठे आहे?" त्या वेळचा, १९२३ चा, बाष्पक कायदा नौदलाच्या बाष्पकांस लागू नव्हता, कारखान्यात मात्र बाष्पक चालविणाऱ्याजवळ सरकारी परीक्षेचे प्रमाणपत्र आवश्यक असे. तीस वर्षांचा अनुभव कागदावाचून फुकट. दुसरा कोणी रागावून घरी आला असता. हे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विशीतल्या मुलांच्या रांगेत बसले, परीक्षा दिली, उत्तीर्ण झाले आणि पुढे दहा वर्षे त्याच कामावर राहिले. विद्यार्थी कसा असावा, हे त्यांनी आम्हांस असे शिकविले.

आता तरुणांसाठी दोन शब्द. भाषणाच्या भरात कोणी उठून नौदलात जावे, असे आम्ही म्हणणार नाही. एकदा अडाणीपणाने अडविले. आता अडाणीपणाने ढकलावयाचे नाही. काळ बदलला आहे. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार नाविकाची भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यांतील चतुर्थांशापर्यंत उमेदवारच पुढे कायम होतात. आमच्या विद्यार्थ्यांना लाभली तशी तीस वर्षांची सेवा व निवृत्तिवेतन प्रत्येकास मिळेल, असे समजून जाऊ नये. जाताना चार वर्षांनंतरचा विचार करून जावे, आणि जे काम शिकाल त्याचा दाखला पहिल्या दिवसापासून सांभाळावा. मुलींनाही ही वाट खुली आहे. मार्च २०२३ मध्ये चिल्का येथून बाहेर पडलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत मुली होत्या.

यंत्रेही बदलली. २०२२ साली कोचीस नौदलात दाखल झालेली नवी विक्रांत वाफेवर चालत नाही. तिला चार गॅस टर्बाइने आहेत. परंतु भट्टी संपली, असे कोणी समजू नये. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीतही अणूच्या उष्णतेने अखेर पाण्याची वाफच केली जाते, आणि ती वाफच टर्बाइन फिरविते. अग्नी, पाणी आणि लोखंड यांचे नाते ओळखणारा मनुष्य उद्याही लागणार आहे. ते नाते आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या होते.

शेवटी मंडळास दोन विनंत्या. पहिली अशी, की स्मरणिकेच्या गुणवंतांच्या यादीत डॉक्टर, वकील, अधिकारी यांच्या जोडीने यंत्रावर, बाष्पकावर, कार्यशाळेत काम करणाऱ्या ज्ञातिबांधवांचीही नोंद व्हावी, आणि त्यांच्या कामाचे वर्णन त्यांच्याच तोंडून घ्यावे. आमच्यासारख्या मध्यस्थाच्या पत्रावरून घेऊ नये. दुसरी अशी, की धंदेशिक्षणाचे व शासकीय परीक्षांचे शुल्क ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी मंडळाने एक लहानसा निधी उभारावा. त्यात आमच्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये आम्ही आजच जमा करीत आहोत. त्या निधीस आमच्या विद्यार्थ्यांच्या वडिलांचे नाव द्यावे, अशी प्रार्थना आहे. १९८३ साली कागदाची घडी करून आमच्या दारातून गेलेल्या त्या माणसाला द्यावयाचे उत्तर आम्हांस एवढेच सुचते.